धान्याविना शॉर्टब्रेड, फुलांसह : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गहू, तांदूळ, मका यांपैकी काहीही न वापरता फुलांच्या सुगंधाची शॉर्टब्रेड बिस्किटे घरी कशी करावीत, या एकाच विषयावर या महिन्यात इतकी पत्रे आली की हे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या सुनेला डॉक्टरांनी काही महिने सर्व तृणधान्ये बंद करण्यास सांगितले आहे. सुट्टीत नातवंडांसह सगळ्यांनी मिळून गुलाबाची शॉर्टब्रेड करावी आणि तिलाही सर्वांबरोबर खाता यावी, म्हणून जुन्याच कृतीत मैद्याऐवजी तेवढेच बदामाचे पीठ घातले. बिस्किटे ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटली आणि कडांनी तेल सुटले. काय करावे? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : मैद्याचे माप बदामाला तसेच्या तसे लावल्यामुळे हे झाले. स्कॉटलंडमधील शॉर्टब्रेडचे परंपरागत प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग पीठ असे आहे. मैद्यात स्निग्धांश नगण्य असतो, त्यामुळे तो दोन भाग लोणी सहज सामावून घेतो. बदामात मात्र वजनाच्या जवळपास निम्मे तेल मुळातच असते, आणि भट्टीत तापल्यावर ते लोण्यासोबत वाहू लागते. मैद्यातील पिष्ट उष्णतेने ओलावा शोषून घट्ट होते आणि बिस्किटाचा आकार धरून ठेवते, तर बदामात पिष्ट फारच थोडे असते. म्हणून लोणी कमी करावे लागते आणि पिष्ट थोडे बाहेरून आणावे लागते.

त्यासाठी २०० ग्रॅम सोललेल्या बदामांचे बारीक पीठ, ४० ग्रॅम आरारूट किंवा तवकीर, ५० ग्रॅम घरी दळलेली खडीसाखर, ७० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, चिमूटभर मीठ, पाव चमचा वेलचीपूड आणि दोन मोठे चमचे सुक्या गुलाबपाकळ्या घ्याव्यात. साखर आणि पाकळ्या मिक्सरमध्ये एकत्र दळाव्यात, म्हणजे सुगंध साखरेत उतरतो आणि पाकळ्यांचे तुकडे दातांत येत नाहीत. लोणी बोट रुतेल इतके मऊ असावे, वितळलेले नसावे. त्यात ही साखर चमच्याने केवळ मिसळून घ्यावी. केकसारखे फेटू नये, कारण फेटताना शिरलेली हवा बिस्किटाला पसरायला मदतच करते. नंतर बाकीचे सर्व जिन्नस घालून हाताने एकत्र करावेत. सुरुवातीला हे मिश्रण कोरडे आणि भुसभुशीत दिसते, तेव्हा दूध घालण्याचा मोह होतो. तो टाळून मिश्रण मुठीत दाबत राहावे, हाताच्या उबेने दोन-तीन मिनिटांत गोळा होतो.

हा गोळा दोन बटर पेपरांमध्ये ठेवून ६ ते ७ मिलीमीटर जाडीचा लाटावा आणि कागदासह ताटात ठेवून किमान ४५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा. कापणे त्यानंतरच. कापलेली बिस्किटे ट्रेवर थोड्या अंतराने मांडून आधी तापवलेल्या ओव्हनच्या मधल्या कप्प्यात १५० अंश सेल्सिअसला १५ ते १८ मिनिटे भाजावीत. कडा किंचित सोनेरी झाल्या की बाहेर काढावीत, मध्यभाग फिकटच असू द्यावा. बाहेर काढल्यावर ती इतकी मऊ लागतात की कच्ची राहिली असे वाटते आणि पुन्हा आत टाकली जातात, तेथेच ती करपतात. अर्धा तास ट्रेला हात न लावणे हा या कृतीचा सर्वांत अवघड भाग आहे, विशेषतः घरात मुले असताना. थंड होताना लोणी पुन्हा गोठते, साखर घट्ट होते आणि बिस्किटाला खुसखुशीतपणा येतो. १५ ग्रॅमचे एक याप्रमाणे या मापात सुमारे २४ बिस्किटे होतात.

आपल्या घरी धान्य पूर्णपणे वर्ज्य असल्यामुळे आणखी एक सूचना करावीशी वाटते. बाजारातील पिठीसाखर गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा मक्याचे पिष्ट मिसळून विकली जाते, आणि बेकिंग पावडरमध्येही तेच असते. साखर घरी दळली की पहिली अडचण संपते. दुसरी येतच नाही, कारण शॉर्टब्रेडला बेकिंग पावडर लागत नाही. आरारूटच्या पाकिटावरील घटकांची यादीही वाचून घ्यावी, त्या नावाखाली इतर पिष्टेही विकली जातात.

प्रश्न : विकतचे बदामाचे पीठ महाग पडते. घरी दळले तर दर वेळी बदामाचे लोणी होते. — एक वाचक, सांगली

उत्तर : बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून सोलून घ्यावेत आणि पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवावेत, पावसाळ्यात ओव्हनमध्ये ६० अंशांवर तासभर ठेवावेत, मात्र त्यांना रंग येता कामा नये. वाळलेले बदाम तासभर फ्रिजमध्ये थंड करावेत. मिक्सर सलग न फिरवता दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी चालवावा आणि कृतीतील आरारूटपैकी एक-दोन चमचे दळतानाच घालावे, म्हणजे सुटणारे तेल त्यात शोषले जाते. पूड भांड्याच्या कडांना चिकटू लागली की थांबावे. मैद्याच्या चाळणीने चाळून वरचा रवाळ भाग पुन्हा दळावा, आणि तरीही जो उरेल तो सरळ खिरीत घालावा. सालीसकट बदाम दळले तरी बिस्किटे होतात, परंतु सालीचा तुरटपणा गुलाबाच्या मागे उभा राहतो आणि रंगही मळकट दिसतो.

प्रश्न : आमच्याकडे उपवासाची सर्व पिठे असतात. शिंगाडा, राजगिरा आणि वरई यांपैकी कोणत्या पिठाची शॉर्टब्रेड चांगली होईल? उपवासाला चालते म्हणजे धान्य नाही, हे गृहीत धरावे ना? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : उपवासाचा नियम आणि आहारतज्ज्ञाचा नियम वेगवेगळे आहेत, आणि येथेच घोटाळा होतो. वरई म्हणजेच भगर ही गवताच्या कुळातील आहे. उपवासाला ती चालत असली तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ज्वारी-बाजरीप्रमाणे ते तृणधान्यच आहे. राजगिरा गवताच्या कुळातील नाही, तो आपल्या माठाच्या भाजीचा सगोत्र आहे. मात्र त्याचे बी धान्यासारखेच वापरले जात असल्याने काही आहारतज्ज्ञ तोही वर्ज्य सांगतात. उत्तरेकडे उपवासाला चालणाऱ्या कुट्टूचीही (बकव्हीट) स्थिती तीच. शिंगाडा हे तळ्यात वाढणाऱ्या वनस्पतीचे फळ आहे आणि साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, त्यामुळे या दोन्हींविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बेसनाबद्दलही काहींनी विचारले आहे. हरभरा हे कडधान्य आहे, तृणधान्य नव्हे. परंतु ज्यांना कडधान्येही बंद आहेत त्यांनी ते टाळावे, आणि नेमके काय बंद आहे हे ज्यांनी पथ्य सांगितले त्यांनाच विचारावे.

आता चवीविषयी. केवळ शिंगाड्याच्या पिठाची शॉर्टब्रेड कोरडी होते आणि घशाला चिकटते; बदामाच्या पिठापैकी पाव भाग काढून तेथे शिंगाडा घातला तर मात्र बिस्किटाला छान खुटखुटीतपणा येतो. पीठ आधी मंद आचेवर कोरडेच परतून घ्यावे, कच्चट वास जातो. राजगिऱ्याला मातीचा एक ठसठशीत गंध असतो, जो गूळ आणि सुंठ यांच्याशी जमतो आणि फुलांशी मुळीच जमत नाही. भाजलेले बेसन घातले की ती नानकटाईच होते. नानकटाई मला अतिशय प्रिय आहे, पण तिच्यात गुलाब लपून जातो, म्हणून फुलांच्या बिस्किटासाठी मी बेसन सुचवणार नाही.

साबुदाण्याचे पीठ आरारूटच्या जागी तेवढ्याच वजनाने चालते. बारीक दळून वस्त्रगाळ करावे, अन्यथा कण दाताखाली येतात.

प्रश्न : आमच्या अंगणात गुलाब, जास्वंद, गोकर्ण, मोगरा, सदाफुली, तगर आणि कण्हेर आहेत. मुलांनी परडी भरून फुले आणली आहेत. यांतील कोणती वापरावीत? — एक वाचक, सातारा

उत्तर : परडी प्रथम मोठ्या माणसाने रिकामी करावी. कण्हेर, मग ती लाल असो, पांढरी असो किंवा बिट्टीची पिवळी, सर्वांगाने विषारी आहे आणि तिचे विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. सदाफुलीतील द्रव्यांपासून कर्करोगावरील औषधे तयार होतात, म्हणजेच ते फूल बिस्किटात घालण्याचे नव्हे. तगरीचाही खाण्यात उपयोग करू नये. पांढरी तगर मोगऱ्याच्या ओंजळीत मिसळली गेली तर लहान मुलांना फरक कळणे कठीण असते, म्हणून ही दोन फुले एका परडीत येऊच देऊ नयेत. कुंपणावरची घाणेरी, रस्त्याकडेची रुई आणि धोतरा, श्रावणानंतर रानात दिसणारी देखणी कळलावी या सगळ्यांनाही हाच नियम लागू आहे. देवाला वाहतो ते सर्व खाण्याजोगे असते अशी एक समजूत घरोघरी असते. धोतरा आणि रुई ही दोन्ही देवाला वाहिली जातात, एवढे लक्षात घेतले तरी ती समजूत टिकत नाही.

आपल्या अंगणातील गुलाब, जास्वंद, गोकर्ण आणि मोगरा ही चार फुले वापरता येतील, तीही झाडावर कीटकनाशक फवारलेले नसेल तर. बाजारातून हारासाठी आणलेली फुले, गजरे आणि फुलवाल्याकडील डौलदार लांब दांड्यांचे गुलाब स्वयंपाकात घेऊ नयेत, कारण ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात आणि त्यांवर काय फवारले आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. धुतल्याने सर्व औषध निघून जाते असे समजू नये.

गुलाब गावठी, सुवासिकच हवा. राजस्थानात पुष्कर आणि हळदीघाटीच्या परिसरात होणारा चैती गुलाब गुलकंदासाठी आणि गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याच्या सुक्या पाकळ्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. घरच्या फुलांना वास नसेल तर त्या विकत घ्याव्यात, पण निवडून आणि चाळून, कारण त्यांत देठ, धूळ आणि कधीकधी किडेही असतात. घरच्या पाकळ्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडाव्यात. पाकळीच्या तळाशी जो पांढरा भाग असतो तो कडवट असतो, तो कात्रीने काढावा. पाकळ्या सावलीत, पातळ कापडावर एकेरी पसरून कुरकुरीत होईपर्यंत सुकवाव्यात; उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. ओलसर पाकळी गोळ्यात गेली तर तिच्याभोवतीचे बिस्किट मऊ पडते.

जास्वंदीच्या मधला परागदांडा काढून टाकावा. ज्यांना परागकणांचा त्रास होतो त्यांच्यासाठी सर्वच फुलांतील पराग आणि केसर काढणे इष्ट आहे. जास्वंदीला वास नसतो, ती केवळ रंगासाठी आहे. गोकर्णाचे फूल घ्यावे, शेंगा आणि बिया घेऊ नयेत, कारण बिया रेचक असतात. मोगरा दळून घातला तर कडू लागतो. त्याच्या उमलत्या कळ्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून खडीसाखरेच्या बंद डब्यात रात्रभर ठेवाव्यात, सकाळी पुरचुंडी काढून टाकावी आणि ती साखर वापरावी. उन्हाळ्यात याहून चांगले बिस्किट होणे नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : वरून लावलेल्या पाकळ्या भाजताना काळ्या पडतात आणि गोकर्णाचा निळा रंग हिरवट होतो. — एक वाचिका, पुणे

उत्तर : पाकळी कागदाइतकी पातळ असते, ती बिस्किटाच्या आधी भाजून निघणारच. तिला शोभेसाठी लावायचेच असेल तर फुले पुस्तकात दाबून आधी चपटी आणि कोरडी करावीत, बिस्किटे जवळजवळ भाजून झाल्यावर ट्रे बाहेर काढावा, फुलाला मागून दुधाचा अगदी हलका हात लावून ते चिकटवावे आणि शेवटची दोन-तीन मिनिटे पुन्हा आत ठेवावे. तरीही स्पष्ट सांगायचे तर, अखंड फूल छायाचित्रात सुंदर दिसते आणि खाताना टाळूला चिकटते. सुगंध साखरेत वाटलेल्या पाकळ्यांचाच येतो.

गोकर्णाचा निळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते आम्लात जांभळे होते आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात हिरव्याकडे झुकते. शिवाय भट्टीच्या उष्णतेत ते फिके पडते आणि लोण्याच्या पिवळेपणात मिसळले की हिरवेच दिसते. आपण गोळ्यात चिमूटभर सोडा घातला असेल तर तो वगळावा. निळा रंग टिकवायचा असेल तर तो गोळ्यात न घालता वरच्या लेपात घालावा: सुक्या गोकर्णाची चार-पाच फुले दोन मोठे चमचे गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवावीत, ते पाणी गाळून ६० ग्रॅम दळलेल्या खडीसाखरेत थेंबाथेंबाने घालून दाटसर लेप करावा आणि पूर्ण थंड झालेल्या बिस्किटांवर लावावा. उरलेल्या लेपात लिंबाचा एक थेंब टाकला की तो डोळ्यांदेखत जांभळा होतो. मुलांना ओट्यापाशी खिळवून ठेवण्यासाठी हे पुरेसे आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना लाल अंबाडीची सुकवलेली बोंडे सहज मिळतात. त्यांच्या पाण्याने लेपाला गुलाबी रंग आणि हलकी आंबट चव येते, जी बदामाच्या गोडसर तेलकटपणावर फार शोभते.

प्रश्न : घरचे तूप भरपूर असते. लोण्याऐवजी तूप चालेल का? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : चालेल, पण वजन बदलावे लागेल. बाजारातील लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असून उरलेल्यात मुख्यतः पाणी असते, तर तुपात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणून ७० ग्रॅम लोण्याच्या जागी ५५ ग्रॅम तूप आणि दोन लहान चमचे थंड दूध घ्यावे. तूप रवाळ आणि घट्ट असावे. कोल्हापुरात उन्हाळ्यात ते पातळ झाले असेल तर फ्रिजमध्ये थिजवून घ्यावे. घरचे ताजे लोणी वापरायचे झाल्यास ते तीन-चार पाण्यांत धुऊन ताकाचा अंश काढून टाकावा, नाहीतर आंबटपणा येतो. तुपाचा स्वतःचा खमंगपणा असतो आणि तो गुलाबाला थोडा मागे सारतो; वेलची आणि केशर यांच्याबरोबर मात्र तूपच अधिक चांगले.

प्रश्न : आमच्याकडे काजू आणि नारळ मुबलक. बोलिन्यास रव्याविना करण्याचा प्रयत्न करावा की शॉर्टब्रेडमध्येच हे दोन्ही वापरावे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : बोलिन्यास या गोव्यातील नारळाच्या बिस्किटांचा जीव नारळाबरोबर रव्यातही आहे, त्यामुळे रवा काढून टाकला तर जे होईल त्याला वेगळे नाव द्यावे लागेल. शॉर्टब्रेडमध्ये मात्र बदामाच्या पिठापैकी निम्म्यापर्यंत काजूचे पीठ खुशाल घालावे. काजूत बदामापेक्षा पिष्ट अधिक असते, म्हणून बिस्किट बांधून येते आणि तोंडात लवकर विरघळते. परंतु काजू लवकर लाल होतात, तेव्हा ओव्हन १४० अंशांवर ठेवून वेळ दोन-तीन मिनिटांनी वाढवावा. भाजून मीठ लावलेले काजू अर्थातच घेऊ नयेत.

नारळाच्या बाबतीत दोन वस्तू वेगळ्या ओळखाव्यात. सुक्या खोबऱ्याचा कीस हा केवळ चवीसाठी आणि चरचरीतपणासाठी आहे. नारळाचे पीठ म्हणून जे मिळते ते तेल काढून घेतलेल्या खोबऱ्याचे असते आणि स्पंजाप्रमाणे ओलावा ओढून घेते, म्हणून २०० ग्रॅम बदामाच्या पिठापैकी २५ ग्रॅमहून अधिक काढून तेथे ते घालू नये. खोबऱ्याशी मोगरा जमतो, गुलाब तितकासा नाही.

प्रश्न : ओव्हन नाही. — दोन वाचिका, सोलापूर आणि परभणी

उत्तर : जाड बुडाच्या कढईत किंवा शिटी व रिंग काढलेल्या कुकरमध्ये वाटीभर जाडे मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. बिस्किटांची ताटली तिवईवर ठेवून आच बारीक करावी आणि २० ते २५ मिनिटे भाजावे. खालून करपू लागल्यास ताटलीखाली आणखी एक ताटली ठेवावी. वरून रंग येणार नाही, त्याची वाट पाहू नये. मायक्रोवेव्हच्या साध्या लहरींवर ही बिस्किटे करू नयेत. कन्व्हेक्शनची सोय असेल तर ओटीजीप्रमाणेच वापरता येईल.

प्रश्न : घरात सत्तरीच्या सासूबाई, दोन शाळकरी मुले आणि एक चार वर्षांची मुलगी आहे. सगळ्यांना एकत्र घेऊन करायचे म्हटले की ओट्यापाशी भांडणे होतात. कामे कशी वाटावीत? मुलांच्या एका मित्राला सुक्या मेव्याची अॅलर्जी आहे, त्यालाही द्यायची आहेत. — एक वाचिका, नाशिक

उत्तर : ही बिस्किटे एका दमात करायची नाहीत हे ठरवले की बरीच भांडणे मिटतात. पाकळ्या खुडणे आणि सुकवणे हे आठवडाभर आधीचे काम आहे, ते चार वर्षांच्या मुलीला द्यावे. तिची बोटे त्यासाठी आपल्यापेक्षा योग्य असतात. बदाम सोलणे हे सासूबाई आणि मोठ्या मुलांनी गप्पा मारत करण्याचे काम आहे, आणि त्यात काही बदाम पोटात जाणार हे धरूनच थोडे अधिक भिजवावेत. वजन करणे शाळकरी मुलांकडे द्यावे: काट्यावर आकडा नेमका ७० वर आणण्यात त्यांना खरोखर रस वाटतो, आणि या कृतीत वाटी-चमच्याच्या अंदाजापेक्षा वजन महत्त्वाचे आहे. गोळा मुठीत दाबण्याचे काम उबदार हाताच्या माणसाकडे, लाटण्याचे गार हाताच्या माणसाकडे. बहुतेक घरांत पोळ्या लाटणाऱ्या व्यक्तीला आपला हात कोणता हे ठाऊक असते. कापताना फुलाच्या आकाराचा साचा नसेल तर छोटी वाटी पुरते. उरलेल्या कडा एकदाच पुन्हा लाटाव्यात, कारण वारंवार मळलेल्या गोळ्यातून तेल सुटते. ओव्हनशी मात्र एकाच मोठ्या माणसाचा संबंध असावा. गोळ्यात कच्चे अंडे नसल्याने एखाद्याने त्यातला तुकडा तोंडात टाकला तर आरडाओरडा करण्याचे कारण नाही.

मित्राच्या बाबतीत अतिशय सावध राहावे. बदाम आणि काजू दोन्ही त्याला वर्ज्य असणार, आणि त्याच मिक्सरमध्ये, त्याच चाळणीने केलेली बिस्किटेही देऊ नयेत. त्याच्यासाठी सोललेल्या मगज बियांचे पीठ वापरता येईल. ते पांढरे असते, तेलकटपणात बदामाजवळ जाते आणि वरील मापातच चालते. परंतु या बिया त्याला चालतात का, हे त्याच्या पालकांना आधी विचारावे, आणि त्याची बिस्किटे धुऊन कोरड्या केलेल्या भांड्यांत सर्वांत आधी करून वेगळ्या डब्यात ठेवावीत. सूर्यफुलाच्या बियाही चालतात, मात्र सोड्याच्या संपर्कात त्या हिरव्या पडतात. तो हिरवेपणा अपायकारक नाही, पण गुलाबी बिस्किटांत विचित्र दिसतो.

प्रश्न : मला मधुमेह आहे. धान्य नसल्याने ही बिस्किटे मला मोकळेपणाने खाता येतील, असे घरचे म्हणतात. — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : घरच्यांचा हेतू चांगला आहे, पण धान्य काढले म्हणजे साखर निघाली असे होत नाही. वरील मापातील एका बिस्किटात सुमारे २ ग्रॅम साखर, थोडे आरारूटचे पिष्ट आणि ८० ते ८५ कॅलरी असतात, त्यांतील बहुतांश बदाम व लोण्याच्या स्निग्धांशातून येतात. एखाद-दुसरे बिस्किट आपल्या डॉक्टरांना विचारून, दिवसाच्या आहारात धरून खावे. साखर ३५ ग्रॅमपर्यंत कमी करता येते. त्याहून कमी केल्यास बिस्किट खुसखुशीत न होता ठिसूळ होते. गुळामुळे साखरेचा प्रश्न सुटत नाही, उलट त्याच्या ओलाव्याने बिस्किटे पसरतात.

प्रश्न : येथे आमच्या नातवाला सीलिअॅक आजाराचे निदान झाले आहे. दिवाळीच्या फराळात त्याच्यासाठी ही बिस्किटे करायची आहेत. लॅव्हेंडर घातले तर चालेल का? — एक आजी, लंडन

उत्तर : सीलिअॅक आजारात गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन हे प्रथिन वर्ज्य असते. तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि मका यांत ते नसते, म्हणजे नातवासाठी सर्वच धान्ये सोडण्याची गरज नाही. चकली आणि अनारसे तांदळाचे होतातच. धोका असतो तो मिसळीचा. ज्या लाकडी पोळपाट-लाटण्यावर रोज कणीक फिरते, ज्या चाळणीत मैदा चाळला जातो आणि ज्या गिरणीत गव्हानंतर दुसरे पीठ दळले जाते, तेथून ग्लुटेनचा अंश सहज येतो, आणि त्याला तेवढाही त्रासदायक ठरतो. त्याच्या बिस्किटांसाठी चाळणी आणि लाटणे वेगळेच ठेवावे, शंकरपाळी आणि करंज्या करण्याच्या आदल्या दिवशी ही करून घ्यावीत आणि पाकिटबंद पिठांवर ग्लुटेनमुक्त असल्याचा उल्लेख पाहावा. भारतातून पीठ मागवत असाल तर आपल्याकडेही हा उल्लेख करण्यासाठी ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक नसावे असा नियम आहे.

तेथील दुकानांत दळलेले बदाम म्हणून जे मिळतात ते थोडे रवाळ असतात. मिक्सरमध्ये आरारूटसह एकदा फिरवून घ्यावेत. लॅव्हेंडर खाण्यासाठी म्हणून विकले जाणारेच घ्यावे, अत्तराच्या पुरचुंड्यांतील नको, आणि वरील मापाला सुकी फुले एक लहान चमचा सपाट भरून पुरे होतात. प्रमाण थोडे जरी वाढले तरी बिस्किटाला साबणाचा वास येतो. हल्ली जम्मूमधील भद्रवाह परिसरात लॅव्हेंडरची शेती होते, त्यामुळे येथील वाचकांनाही ते मिळू लागले आहे. परंतु दिवाळीच्या ताटात चिवडा आणि कडबोळ्यांशेजारी लॅव्हेंडर मला परके वाटते. नातवाने प्रथमच आजीच्या हातचे हे बिस्किट खायचे असेल तर गुलाब आणि वेलचीच घालावी, असे सुचवेन. बागेतील फुले घ्यायची झाल्यास तेथील फॉक्सग्लोव्ह, डॅफोडिल आणि लिली ऑफ द व्हॅली ही विषारी आहेत हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीच बिस्किटे नरम पडतात. — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : कोकणातील पावसाळी हवेत त्यांना उघड्यावर थंड होऊ देऊ नये, ट्रेवर अर्धा तास झाल्यावर ओव्हन बंद करून त्याच्याच उरलेल्या उबेत, दार किंचित उघडे ठेवून, पूर्ण गार होऊ द्यावे आणि लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात भरावे. लेप लावलेली बिस्किटे आणि साधी बिस्किटे एका डब्यात ठेवू नयेत, कारण लेपातील ओलावा साध्या बिस्किटांत उतरतो. कोरड्या हवेत ती आठ-दहा दिवस टिकतात, आपल्याकडे चार-पाच दिवसांचीच अपेक्षा ठेवावी. नरम पडलेली बिस्किटे १२० अंशांवर सहा-सात मिनिटे ठेवून पुन्हा गार केली की पूर्ववत होतात, मात्र गुलाबाचा वास थोडा उतरतो.

याहून सोयीचा मार्ग असा की सर्व बिस्किटे एकदम भाजूच नयेत. गोळ्याची ४ सेंटिमीटर जाडीची वळी करून बटर पेपरात आणि त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावी. महिनाभर ती चांगली राहते. पाहुणे आले किंवा मुलांनी हट्ट धरला की वळी दहा मिनिटे बाहेर ठेवून लागतील तेवढ्या चकत्या धारदार सुरीने कापाव्यात, आणि गोठलेल्या असल्याने भाजताना दोन मिनिटे अधिक द्यावीत.